‘जलसुरक्षा’ विषयात उसाचे गणितही येऊ द्या

प्रति,
मा. संपादक

महोदय,

राज्य मंडळाच्या नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा श्रेणी विषय आहे, तर अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’. दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे टँकर धावणाऱ्या आपल्या राज्याने पाण्याला वेळापत्रकात स्वतंत्र जागा दिली, याचा भूगोलाचा शिक्षक म्हणून मला मनापासून आनंद झाला होता. त्या जागेचे पुढे काय झाले, हे पाहून मात्र वाईट वाटते. मला माहीत असलेल्या बहुतेक शाळांत या विषयाची तासिका गणित किंवा विज्ञानाचे शिक्षक मागून घेतात. जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यांना प्रकल्पवहीची आठवण होते, दुकानातून जलचक्राचे चित्र आणले जाते, पाणी वाचवण्याचे एखादे घोषवाक्य लिहिले जाते, की मिळाली श्रेणी.

पण तासिका जाण्याहून मोठी उणीव आशयाची आहे. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवरऐवजी बादलीने अंघोळ करा, गळका नळ दुरुस्त करा, हे आपण मुलांना शिकवतो. शहरातल्या मुलाला ते शिकवायलाच हवे. पण बार्शी, भूम, आष्टी अशा तालुक्यांतल्या शाळेत बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलीला तेवढेच सांगून थांबणे म्हणजे खरी गोष्ट तिच्यापासून दडवणे होय. तिच्या घरी नळाला पाणी येते तेच मुळात चार-आठ दिवसांनी. गावाचे पाणी जाते कुठे, हे तिला आकड्यांत दिसले पाहिजे. ते गणित नववीच्या मुलांना सहज जमणारे आहे.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एवढे एक सूत्र पुरते. समजा, गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आहे आणि पाऊस ६०० मिलिमीटर. म्हणजे गावावर ६० लाख घनमीटर पाणी पडले. त्यातले काही वाहून जाते, बरेचसे बाष्प होऊन किंवा पिकांवाटे उडून जाते. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये विहिरीला मिळेल असे खोल मुरते ते ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आसपास, आणि खाली अखंड काळा पाषाण असेल तर त्याहूनही कमी. दहा टक्के धरले तर ६ लाख घनमीटर झाले. आता खर्चाची बाजू. गावात २,००० माणसे आणि जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर लागतात, म्हणजे मुरलेल्या पाण्याचा जेमतेम पंधरावा हिस्सा. उसाला हंगामभरात, शेतावर साचवले तर दोन मीटर किंवा त्याहून जास्त उंच भरेल इतके पाणी लागते. पावसाचा वाटा वजा करून विहीर-बोअरमधून दीड मीटर धरले, तर हेक्टरी १५,००० घनमीटर होतात. म्हणजे ४० हेक्टर, बोलीभाषेत शंभर एकर ऊस लावला की गावाच्या पोटात मुरलेले सगळे पाणी संपले. माणसांना एक घागरही उरली नाही.

हा हिशेब ढोबळ आहे, हे मुलांना सांगावेच. नाल्यावर बंधारा असेल तर जमेची बाजू वाढते, ऊस ठिबकवर असेल तर खर्च बराच घटतो. तरीही हे गणित एकदा स्वतःच्या हाताने सोडवलेले मूल ‘पाऊस कमी पडतो म्हणून टंचाई’ या वाक्यावर समाधान मानणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेत सुमारे ५ लाख लिटर, म्हणजे ५०० घनमीटर पाणी होते. वरच्या हिशेबाने एक एकर उसाला वर्षभरात अशा बारा गाड्या लागतात. ज्या जिल्ह्यावर रेल्वेने पाणी आणायची वेळ आली, तिथल्या मुलांना तरी हे उदाहरण सोडवायला द्यायला नको का?

इथे शिक्षक अडखळतो, हे मी अनुभवाने सांगतो. वर्गातल्या निम्म्या घरांत ऊस असतो, संस्थेतली वडीलधारी मंडळी कारखान्याशी जोडलेली असतात, आणि पाण्याचा विषय पिकापर्यंत पोचला की तो ‘राजकीय’ ठरतो. एका शाळेत मला हे गणित फळ्यावरून पुसायला सांगितले गेले होते. पण शेतकऱ्याला दोष देण्यासाठी हे शिकवायचेच नाही. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, तूर-हरभऱ्याला हमीभाव जाहीर होऊनही तो प्रत्यक्ष मिळेल याची खात्री नाही. पाण्याबरोबर ही बाजूही वर्गात यायला हवी. वडील ऊस का लावतात, हे मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

आणि पीक-पाण्याचा निर्णय सगळ्यांनी मिळून घेणे ही आपल्याकडे परकी गोष्ट नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत कित्येक शतके चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे, कोणत्या फडात यंदा कोणते पीक घ्यायचे ते लाभधारकांनी मिळून ठरवायचे, पाणी द्यायला पाटकरी आणि पिकाच्या राखणीला जागल्या, दोघेही गावानेच नेमलेले. पाणी कमी असले तर त्या वर्षी काही फड पडीक राहायचे. अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने हेच आजच्या काळात करून दाखवले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, उसासारखी जास्त पाण्याची पिके टाळायची, पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडायचा आणि त्यावर रब्बीची पिके ठरवायची. माझ्या मते जलसुरक्षेचा पाया या दोन उदाहरणांतून घालावा, जलचक्राचे चित्र सहावी-सातवीतच काढून झालेले असते.

आता करण्याजोगे काही. प्रत्येक माध्यमिक शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक हवा आणि जवळची एक विहीर शाळेने ‘आपली’ मानावी. पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजायचा, हवामान खात्याची वेळ तीच आहे. सरकारी आकडा महसूल मंडळाचा असतो आणि एका मंडळात अनेक गावे येतात. या शिवारात धो धो आणि पलीकडच्या शिवारात कोरडे, हे आपण दरवर्षी पाहतो. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि त्यावर नुकसानभरपाई ठरते. तो ६५ म्हणजे नेमके किती, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असावे. विहिरीची पातळी सकाळी मोटर सुरू होण्याआधी, काठावरच्या एका ठरावीक खुणेपासून दोरी सोडून घ्यायची. ती शिक्षकांनी स्वतः घ्यावी, मुलांनी कठड्यामागून आकडा लिहावा. बिनकठड्याची विहीर यासाठी निवडूच नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. शाळेनेही तेच महिने धरले तर तुलना करता येईल. नोंदवही विद्यार्थ्याची नसून शाळेची असावी, म्हणजे यंदाच्या नववीचे आकडे पुढच्या नववीच्या हाती जातील.

शहरातल्या शाळांचा गृहपाठ वेगळा. मुंबईच्या मुलांनी तानसा, भातसा, मोडकसागर, वैतरणा ही नावे पाठ करून थांबू नये. ज्या शहापूर तालुक्यातून यातले बरेचसे पाणी येते, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर का लागतो, हे त्यांनी शोधावे.

शिक्षण विभागाला आणि बालभारतीला माझी विनंती आहे की या विषयाचा प्रकल्प जानेवारी-फेब्रुवारीतून काढून जून ते ऑक्टोबर असा ठेवावा. शाळा जूनमध्ये उघडते, पाऊसही तेव्हाच येतो. मूल्यमापन वहीच्या सजावटीवर नको, नोंदींच्या सातत्यावर आणि त्यावरून मांडलेल्या ताळेबंदावर व्हावे. विहिरीच्या निरीक्षणाचे प्रशिक्षण शिक्षकांना भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून मिळावे.

सरपंच आणि मुख्याध्यापकांसाठी तर थांबण्याचेही कारण नाही. २ ऑक्टोबरची ग्रामसभा पावसाळा सरता सरता आणि रब्बीच्या तोंडावर येते. तिच्या विषयपत्रिकेवर ‘गावाच्या पाण्याचा हिशेब – सादरकर्ते इयत्ता नववी’ एवढी एक ओळ घालायला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
बार्शी, जि. सोलापूर