मेंदू-भाषेच्या अभ्यासाला बेळगावसारखी जागा नाही

महोदय,

भाचीच्या पदवीच्या अभ्यासक्रमात यंदा ‘मेंदू आणि भाषा’ हा घटक आहे. घोकंपट्टी जोरात चाललीय : मेंदू-संशोधक ब्रोका १८६१, वेर्निके १८७४, मेंदूतले एकाच्या नावाचे क्षेत्र बोलण्याचे, दुसऱ्याच्या नावाचे समजण्याचे. परीक्षेपुरते ठीक. पण भाषेसाठी मेंदूतले अनेक भाग एकमेकांशी जोडून काम करतात, याचा नोट्समध्ये पत्ताच नाही.

खरे धडे तर गल्लीत आहेत. शेजारच्या आजोबांना अर्धांगवायू झाला. घरात मराठी, बाजारपेठेत कन्नड, असे त्यांचे आयुष्य गेले. आता पाणी मागायला शब्द सापडत नाही; भजन लावले की मात्र ओळीमागून ओळ येते. पाठ झालेले, लयीतले बोलणे अशा रुग्णांत पुष्कळदा टिकते. दोन भाषा कधी बरोबरीने परततात, कधी एकच आधी. म्हणून तपासणी दोन्हींत हवी. नुसत्या कन्नडमध्ये किंवा नुसत्या मराठीत विचारून शेरा मारला, की निदान अर्धेच राहते.

हैदराबादला ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) द्विभाषकांना आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला. सगळ्यांना तो निष्कर्ष मान्य नाही, ते असो. खानापूर-निपाणीकडे एकभाषी माणूसच शोधावा लागेल! मग म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेच्या मदतीने इथल्या भाषा विभागांनी मराठी-कन्नड रुग्णांसोबत प्रात्यक्षिक का ठेवू नये? निदान एका सत्रापुरते तरी.

— एक वाचक, शहापूर, बेळगाव