टँकर मागवण्याआधी टाकी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाणीकपात जाहीर झाली की सोसायटीच्या फलकावर ‘पाणी जपून वापरा’ लागते आणि दोन दिवसांत टँकर दारात उभा राहतो. गच्चीवरच्या टाकीतून रात्री, सगळे झोपलेले असताना, किती पाणी जाते ते मात्र कोणी मोजत नाही.

त्याला एक पट्टी पुरते. रात्री 1 वाजता पंप बंद करून पातळी टिपा, 4 वाजता पुन्हा. टाकी आतून 3 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद असेल, तर 1 सेंटिमीटर घट म्हणजे 60 लिटर. तीन तासांत 2 सेंटिमीटर पाणी उतरले तर दिवसाला 960 लिटर गेले. शहरी माणशी 135 लिटरच्या निकषाने हे सात माणसांचे पाणी. दहा-अकरा दिवसांत 10 हजार लिटरचा अख्खा टँकर. रात्री कोणी उठले असेल, त्याचे दहा-वीस लिटर वजा करा. पुढच्या रात्रींत एकेका डाउनटेकचा (टाकीतून खाली घरांकडे उतरणाऱ्या पाइपाचा) व्हॉल्व्ह बंद करून तेच मोजा. ज्याने घट थांबते, त्या रांगेतल्या घरांत गळती आहे. सगळे बंद करूनही पातळी उतरली तर टाकीला तडा असेल, नाहीतर व्हॉल्व्ह पुरते बसत नसतील. वर्षानुवर्षे न फिरवलेले गेट व्हॉल्व्ह असतील तर आधी तेच तपासावेत.

घरात सगळे टपकणाऱ्या नळाकडे पाहतात, कारण तो ऐकू येतो. फ्लशची टाकी मुकाट गळते. तिच्यात खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जात नसेल, तर तळाचा रबरी वॉशर गेला. बोअरच्या जड पाण्याचे क्षार त्यावर बसतात. लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून निघाले तर ठीक, रबर कडक झाले असेल तर बदलाच. पाणी नळीतूनच जात असेल तर वॉशरला हात लावू नका, फ्लोट (टाकीतला तरंगता फुगा) खाली घ्या. पातळी नळीच्या तोंडाच्या 2 सेंटिमीटर खाली हवी.

नळ गळतो म्हणून जोर लावून पिळला की वॉशर चिरतो आणि सीट, म्हणजे तो ज्यावर टेकतो ती कडा, झिजते. नवा वॉशर आठवड्यात पुन्हा गळू लागला तर दोष सीटचा. पाव फेऱ्याच्या नळात वॉशर नसतोच. कपातीनंतर येणाऱ्या पाण्यातली रेती आतल्या सिरॅमिक चकत्यांना ओरखडे पाडते, तिथे कार्ट्रिज, म्हणजे चकत्यांचा अख्खा संच, बदलावे लागते. टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळावी, उलटी गुंडाळली तर नळ बसवताना सुटून येते.

जमिनीखालची गळती निव्वळ नासाडीची बाब नाही. ठरावीक वेळेच्या पुरवठ्यात लाइन रिकामी होताना आत ओढ निर्माण होते आणि त्याच छिद्रातून शेजारच्या गटाराचे पाणी आत येते. कावीळ, जुलाब तिथून घरात शिरतात.

आणखी एक. खालच्या टाकीचा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा फुग्याचा नळ) बिघडला, फुग्यात पाणी भरले किंवा दांडा वाकला, की जादा पाणी ओव्हरफ्लोने वाहून जाते. पुष्कळ इमारतींत ही नळी थेट गटारात सोडलेली असते, त्यामुळे महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. ती वॉचमनच्या खुर्चीसमोर, उघड्यावर काढावी.

आपला,
एक प्लंबर, डोंबिवली