लाल वटवाघळं

प्रिय वैजू,

आठ महिने पत्र नाही, काय शिव्या द्यायच्या त्या भेटल्यावर दे. माझा गुडघा बरा आहे. पुढचं मात्र नीट ऐक, हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

वर्गातल्या एका मुलीने आजीचं चित्र काढून आणलं. तेरा वर्षांची, अबोल पोर. आजी खुर्चीत, डोक्याभोवती पाच वटवाघळं, तीही लालभडक. ब्रशला पाणी जास्त झाल्याने एका पंखाचा रंग आजीच्या पांढऱ्या केसांत ओघळला होता. मला तिथे रक्तच दिसलं. डोक्यात स्पॅनिश चित्रकार गोयाचं १७९९ चं चित्र: टेबलावर डोकं टेकून झोपलेला माणूस आणि त्याच्यामागून उठलेली घुबडं, वटवाघळं. सगळ्यांसमोर तिच्या खांद्यावर हात ठेवून मी विचारलं, "आजी खूप आजारी आहे का गं?"

ती बघतच राहिली. म्हणाली, "बाई, आजीचा वाढदिवस आहे."

तिची आजी चिनी. चिनी भाषेत वटवाघूळ म्हणजे 'फू' आणि सुखाचा आशीर्वाद म्हणजेही 'फू'. लाल म्हणजे 'होंग', अफाट म्हणजेही 'होंग'. लाल वटवाघूळ काढलं की झालं, 'अफाट सुख लाभो'! पाच का, तर आशीर्वादच पाच: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सद्गुणांची ओढ, आणि पाचवा पुढे सांगते. पोरीने चित्र कानाने काढलं होतं आणि मी ते नुसतं डोळ्यांनी वाचत होते.

आता तुझी आठवण का आली ते कळलंच असेल. चित्रकार व्हॅन आइकने १४३४ मध्ये रंगवलेलं ते जोडपं, आणि त्यांच्या पायाशी तो केसाळ कुत्रा! मी कला-इतिहासकार पॅनॉफ्स्कीचा हवाला देऊन सांगायचे, कुत्रा म्हणजे निष्ठा. तू म्हणायचीस, कुत्रा म्हणजे कुत्रा, घरात होता म्हणून चित्रात आला. दोन दिवस अबोला धरला होतास, बये. आता हे ऐक: इन्फ्रारेडखाली तपासलं तेव्हा खालच्या रेखाटनात कुत्रा नाहीच, तो रंगवताना आला. ह्यातून तू तुझं म्हणणं सिद्ध करशील, मी माझं करीन. खरं सांगू, आता मला जिंकायची हौस राहिलेली नाही.

मला खातंय ते असं, की व्हॅन आइकला विचारता येत नाही म्हणून आपण पुस्तकं उघडतो. ही पोर तर समोर उभी होती. इटालियन युचेल्लोच्या चित्रात संत जॉर्ज ज्याच्या डोळ्यात भाला खुपसतो तो दुष्ट ड्रॅगन, आणि चिनी चित्रकार छन रोंगच्या १२४४ च्या चित्रगुंडाळीत ढगांतून उसळणारे नऊ शुभ ड्रॅगन, हा फरक दरवर्षी मुलांना मीच शिकवते ना? तरी "हे काय काढलंस गं?" एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून निघू नये? चारचौघांत तिच्या आजीला मी आजारी पाडलं. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

तिसऱ्या दिवशी माफी मागितली आणि पाचवा आशीर्वाद विचारला. ती सहज म्हणाली, "आयुष्य पुरं झाल्यावर शांतपणे येणारं मरण." वैजू, मी बाकावर बसलेच. मरण त्या चित्रात होतं गं, पण भेट म्हणून दिलेलं.

तुझी बदली झाली का? धाकटीचा चष्मा सुटला? लवकर लिही, आणि कुत्र्यावरून भांडायचं असेल तर तेही लिही.

तुझीच,
नलू