हरणांपुढचा मका आणि पुरवणीतली दया

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हरणांना खायला घालण्यावर असलेल्या बंदीला झोडपणारा लेख वाचला. मी अंक ई-पेपरवर वाचतो, त्यामुळे तुमचा रविवार आमच्याकडे शनिवारी रात्रीच उजाडतो. रात्रीची झोप लेखाने खाल्ली, रविवार धुमसण्यात गेला आणि आज लिहायला बसलो आहे. लेखकमहाशयांची भाषा ओघवती आहे यात शंका नाही. बर्फ, पाडसांचे डोळे, ‘मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढणारं निर्दयी सरकार’, सगळं जागच्या जागी. फक्त रोगाचा उल्लेख शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, ‘काही आजारांचं कारण पुढे करून’ एवढ्या पाच शब्दांत उरकलेला. तो आजार कोणता, हे सांगायची गरज ना लेखकाला वाटली ना तुमच्या उपसंपादकांना.

मी पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. सातारा जिल्ह्यात उभी नोकरी गोठ्यांतून फिरण्यात गेली. आता मुलाकडे मिशिगनमधल्या ओकेमॉसला राहतो. हे गाव मेरिडियन टाउनशिपमध्ये येतं. लेखकांनी नकाशा उघडला असता तर त्यांना कळलं असतं की मिशिगनमधल्या मोकळ्या रानातल्या हरणात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांना झुरवून मारणारा रोग पहिल्यांदा सापडला तो याच टाउनशिपमध्ये, २०१५ साली. सहा वर्षांची मादी होती. म्हणजे ज्या रोगाचं ‘कारण पुढे केलं’ जातं, तो आमच्या अंगणातून चालत गेलेला आहे.

हा रोग जिवाणूचा नाही, विषाणूचाही नाही. शरीरातलंच एक प्रथिन वेडंवाकडं दुमडतं आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही तसंच दुमडायला लावतं. त्याला प्रायॉन म्हणतात. उकळून ते मरत नाही, कारण ते मुळात जिवंतच नाही. लागण झाल्यावर हरीण वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त, धडधाकट दिसतं. त्या काळातही त्याच्या लाळेतून, मुतातून, लेंड्यांतून प्रायॉन बाहेर पडत राहतो आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतो. मग हरीण झुरत जातं, बरगड्या दिसू लागतात, मान खाली, तोंडातून लाळ, माणसाची भीती उरत नाही. लस नाही, औषध नाही. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या बंदिस्त हरणांत हे पहिल्यांदा लक्षात आलं. आज अमेरिकेतल्या तीसहून जास्त राज्यांत आहे. आता अशा वेळी सगळ्या शिवारातल्या हरणांना एका ढिगावर तोंड घालायला बोलावायचं की नाही, हे मी सातवीतल्या मुलालाही विचारू शकेन.

आता मुख्य गाऱ्हाणं, कारण खरं सांगायचं तर लेखापेक्षा मला तेच जास्त सलतं आहे. आमच्या शेजारी एक सद्गृहस्थ राहतात. माझ्याच वयाचे, पत्नी गेलेली, मुलं दूर. माणूस सोन्यासारखा. बर्फ पडला की आपलं यंत्र घेऊन आधी आमच्या दारातला बर्फ काढतात, मग स्वतःच्या. मुलाने दहादा पैसे देऊ केले, घेत नाहीत. तर हे गृहस्थ थंडी पडली की मागच्या अंगणात मक्याचं पोतं रिकामं करतात. शेजारी गुलाबी मिठाची लादी. संध्याकाळी तिथे आठ-दहा हरणं, बर्फ जास्त असला तर त्याहून जास्त. सगळी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, एकाच जागी नाक खुपसून. एकीने चाटलेली लादी दुसरी चाटते, खाली लेंड्या पडताहेत, त्यातच दाणे. गोठ्यात असा प्रकार दिसला असता तर मी मालकाला दोन शब्द सुनावून बाहेर पडलो असतो. इथे खिडकीतून बघत चहा प्यायचा.

मिशिगनची दोन द्वीपकल्पं आहेत, वरचं आणि खालचं. आम्ही राहतो त्या खालच्या द्वीपकल्पात हरणांना खायला घालायला ३१ जानेवारी २०१९ पासून बंदी आहे, शिकारीसाठी आमिष म्हणून घाला नाहीतर प्रेमाने घाला. (लेखात ‘संपूर्ण मिशिगनमध्ये’ असं छापलं आहे. ते चूक. वरच्या द्वीपकल्पात अजून आमिष चालतं. पण एवढं तपासायला कोणाला वेळ आहे?) मी एकदा कुंपणापाशी जाऊन त्यांना माझ्या मोडक्या इंग्रजीत समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हसले आणि म्हणाले, ‘‘डॉक, तुम्ही तर इंडियाचे. तुमच्याकडे गाईला आधी घास देतात असं ऐकलंय. तुम्हाला दया नाही येत?’’

संपादक महोदय, ज्या माणसाने अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून मध्यरात्री वासरं ओढून काढली, त्याला कुंपणापलीकडून दयेचा पाठ! उत्तर तेव्हा सुचलं नाही. मराठीत सुचलं होतं, पण ते छापण्याजोगं नाही. घरी येऊन मी वन्यजीव खात्याचा तक्रारीचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावला. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. सूनबाई म्हणाल्या, ‘‘बाबा, ते आपला बर्फ काढतात.’’ मुलानेही मान डोलावली. रोगनिदान, पुरावे, कायदा, सगळं एका ड्राइव्ह-वेवर येऊन अडलं. आणि तुमचा लेख आल्यावर सूनबाईंनी तो मलाच पाठवला, वर हसरा चेहरा लावून. आता कळलं असेल झोप का गेली.

शेजाऱ्यांना सांगायचं होतं ते इथे सांगतो. हरीण रवंथ करणारं जनावर आहे. हिवाळ्यात ते फांद्यांची टोकं, कळ्या, सीडरचा पाला खाऊन राहतं, हालचाल कमी करतं, अंगातली चरबी पुरवून वापरतं. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव त्या काडीकचऱ्याला सरावलेले असतात. अचानक पोटभर मका पडला की ते गणित कोसळतं, पोटात आम्ल वाढतं आणि जनावर भरल्या पोटी मरतं. आपल्याकडे रात्री दावं तोडून धान्याच्या पोत्यावर सुटलेली म्हैस सकाळी का आडवी पडते, हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. तिच्या मालकाला कोणी दयाळू म्हणत नाही, दावं कच्चं होतं म्हणतात.

आणि क्षय. त्याचं तर लेखात नावही नाही. याच राज्याच्या ईशान्य भागात, अल्पीनाच्या बाजूला, १९९४ साली एका शिकाऱ्याने मारलेल्या हरणात गुरांचा क्षय सापडला. तपासत गेल्यावर तो कळपांत मुरलेला निघाला. मोकळ्या रानातल्या हरणांत हा रोग असा मुरत नाही, अशी तोवर जाणकारांची समजूत होती. पण तिथलं रान मोकळं राहिलंच नव्हतं. शिकारी क्लबांनी वर्षानुवर्षे ट्रक भरभरून गाजरं, शुगरबीट, मका आणून ओतला होता, हरणं वाढली होती आणि एरवी एकमेकांपासून अंतर राखून राहणारे माद्यांचे कळप सगळ्या गावाने एका ताटात जेवावं तसे त्या ढिगांवर जेवत होते. क्षयाचा जंतू अशा खाण्यावर थंडीत आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. हरणांना तो मुळात गुरांकडूनच लागला होता, पुढे त्यांनी तो गुरांना परत केला. २००० साली राज्याचा क्षयमुक्त दर्जा गेला. आजवर ८० हून जास्त गोठ्यांत तो निघाला आहे. त्या गोठ्यांतल्या गाईंच्या डोळ्यांचं वर्णन करायला तुमचे लेखक गेले नाहीत.

आमिषवाल्या शिकाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. ते म्हणतात, मक्याशिवाय हरीण नेमाच्या टप्प्यात येत नाही, शिकार घटली तर हरणं वाढतील, आणि वाढलेली हरणं हाही रोगाला आमंत्रणच. वर इथे रस्त्यावर हरीण आडवं येऊन वर्षाला ५० हजारांहून जास्त अपघात होतात. पण आमच्याच टाउनशिपमध्ये धनुष्यबाणवाले शिकारी नेमून हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालू आहे, मांस गरजूंना जातं. तेव्हा मार्ग नाही असं नाही. खरी अडचण पेट्रोल पंपावर दिसते. शिकारीचा हंगाम आला की आमिषासाठी विकायला गाजरांची, शुगरबीटची पोती दाराशी रचलेली असतात. २०२० मध्ये विधिमंडळाने बंदी उठवणारं विधेयक मंजूरही केलं होतं, गव्हर्नर व्हिटमर बाईंनी नकाराधिकार वापरला म्हणून वाचलो. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये आणखी मजा. तिथे काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, तीन वर्षांत नवं रोगी हरीण सापडलं नाही की बंदी आपोआप संपते. मातीतल्या प्रायॉनला बहुधा तारीख कळवली जात असावी.

‘युरोपात मात्र प्राण्यांबद्दल संवेदनशीलता आहे’ हे वाक्य वाचून तर मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नॉर्वेत २०१६ साली नूर्डफ्येल्लाच्या रानटी रेनडिअरमध्ये हाच रोग सापडला. त्या सरकारने काय केलं? तो कळपच्या कळप, दोन हजारांहून जास्त जनावरं, २०१८ पर्यंत मारून टाकला. मेंढ्यांसाठी डोंगरावर ठेवलेल्या मिठाच्या लाद्यांपाशी रेनडिअर जमत, त्या जागांवर विशेष संशय होता. मिठाच्या लाद्या, संपादक महोदय. तशीच एक मला इथून खुर्चीत बसल्या बसल्या दिसते आहे.

लांब कशाला जा. २०२२ साली लम्पी आला तेव्हा महाराष्ट्रात गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक बंद झाली. शेतकऱ्याचं नुकसान झालं, पण जनावरं एकत्र आणू नयेत हे त्यालाही पटलं. त्या वेळी तुमच्याच दैनिकाने ‘बाजार आधीच का नाही बंद केले’ म्हणून खात्याला झोडपलं होतं. मी निवृत्त असूनही मला ते लागलं होतं, पण मुद्दा बरोबर होता. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली तेव्हाही तुम्ही फुप्फुसांची बाजू घेतलीत. मग हरणांच्या बाबतीतच ही अचानक कोमलता कुठून आली? मिशिगन लांब आहे म्हणून?

आणि तो फोटो! लेखाच्या डोक्यावर अर्धं पान अडवून जे जनावर छापलं आहे, ते चितळ आहे. अंगभर ठिपके, डोक्यावर तीन टोकांची शिंगं, मागे बहुतेक सागाची पानं. आमच्याकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला मोठेपणी ठिपके नसतात आणि मिशिगनमध्ये साग नसतो. बर्फाबद्दलचा लेख आणि त्यावर घाम फुटेल असा उन्हाळी फोटो. छायाचित्राखाली श्रेय म्हणून ‘संग्रहित’ असं लिहिलं आहे. ते मात्र अगदी खरं.

मागच्या वेळी मी पाठवलेल्या पत्रातून तुम्ही सगळे आकडे कापून फक्त ‘परदेशातून आपला अंक आवडीने वाचतो’ एवढं छापलं होतंत. या वेळी कापायचंच असेल तर ते वाक्य आधीच वगळलं आहे, तुमचा त्रास वाचावा म्हणून. क्षयाचा आणि मिठाच्या लादीचा परिच्छेद कृपया ठेवा. त्याचं कात्रण मला इंग्रजीत करून घ्यायचं आहे. शेजाऱ्यांना देणार आहे, बर्फ वितळल्यावर.

जाता जाता एक. गेले काही रविवार ई-पेपरवर शब्दकोड्याचं पान उघडतच नाही, फक्त वर्तुळ फिरत राहतं. तुमच्या ग्राहक कक्षाला दोनदा लिहिलं. ‘आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे’ असं उत्तर आलं, पान आलं नाही. वर्षाची वर्गणी आगाऊ भरली आहे, हे नोंदवून ठेवतो.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
ओकेमॉस, मिशिगन (मूळ गाव सातारा जिल्ह्यात)