हरत्या मोसमात जखमी खेळाडूला बसवावे

महोदय,

‘गुडघा दुखावलेला असतानाही संघासाठी तो मैदानात उतरला’ असे कौतुकाचे वाक्य स्थानिक फुटबॉल सामन्यांच्या बातम्यांत वाचले की मी अस्वस्थ होतो, आणि तो संघ गुणतक्त्यात तळाला असला तर अधिकच.

भाचा अमेरिकेत असल्यामुळे तिकडचा, चेंडू हातात घेऊन खेळायचा फुटबॉल पाहण्याची गोडी मला उतारवयात लागली. त्या खेळात चेंडू फेकून आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक हा संघाचा कणा असतो. वॉशिंग्टनचा रॉबर्ट ग्रिफिन २०१२ च्या आपल्या पहिल्याच मोसमात गाजला. डिसेंबरात त्याचा उजवा गुडघा दुखावला, तरी ६ जानेवारी २०१३ रोजी सिएटलविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात, तो लंगडताना साऱ्यांना दिसत असूनही, प्रशिक्षक माइक शॅनहन यांनी त्याला खेळवत ठेवले. शेवटच्या सत्रात घरंगळलेला चेंडू घ्यायला वळताना, कोणाचा धक्काही न लागता, तोच गुडघा दुमडला. पुढच्या मोसमात तेरापैकी दहा सामने हरल्यावर त्याच शॅनहन यांनी आणखी इजा नको म्हणून उरलेले तीन सामने त्याला बसवले. दोघांचे बिनसल्यामुळेच हा निर्णय झाला, अशी टीका तेव्हा झाली. हेतू काहीही असो, निर्णय मला योग्यच वाटतो.

त्याचे कारण खेळातच आहे. मागे पडलेल्या संघाला गुण भरून काढण्यासाठी चेंडू फेकावाच लागतो, हे प्रतिस्पर्ध्याला ठाऊक असते, त्यामुळे त्याचे बचावपटू बिनधास्त क्वार्टरबॅकवर तुटून पडतात. म्हणजे ज्या मोसमात मिळवण्यासारखे काही उरलेले नसते, त्याच मोसमात त्याच्या अंगावर सर्वांत जास्त मार बसतो. आपल्याकडेही दोन गोलांनी मागे असलेला संघ प्रत्येक चेंडू आपल्या आघाडीच्या खेळाडूकडेच लाथाडतो आणि सारे बचावपटू त्यालाच घेरतात.

हे मी कोरड्या तर्काने लिहीत नाही. मी शाळेत क्रीडाशिक्षक असताना तालुका स्पर्धेत आमचा संघ सलग तीन सामने हरला होता आणि चौथा जिंकूनही पुढच्या फेरीत जाण्याची शक्यता नव्हती. आमच्या सर्वांत चांगल्या खेळाडूचा गुडघा सरावात सुजला होता. मासळीवालीकडून मागून आणलेला बर्फ मी त्यावर धरला, वर क्रेप बँडेज गुंडाळले. ‘सर, दुखत नाही,’ असे तो म्हणाला. पण पाय दुमडता येत नसल्यामुळे त्याच्या बुटाची नाडी दुसऱ्या मुलाने बांधली, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. तरीही मी त्याला उतरवले. उत्तरार्धात त्याच पायावर वळताना तो कोसळला. लिगामेंट तुटले होते. शस्त्रक्रियेनंतर तो नीट चालू लागला, पण स्पर्धेत पुन्हा कधी खेळला नाही.

खेळाडूचीच इच्छा असेल तर त्याला का अडवायचे, असे मला अनेकदा विचारले जाते. अमेरिकेतल्याच इंडियानापोलिस संघाचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक २०१५ मध्ये खांदा दुखावल्यानंतरही खेळत राहिला. शस्त्रक्रिया जानेवारी २०१७ मध्ये झाली, त्या वर्षीचा संपूर्ण मोसम बुडाला, आणि दुखापत, उपचार, पुन्हा दुखापत या फेऱ्याला कंटाळून ऑगस्ट २०१९ मध्ये, तिशीच्या आतच, त्याने निवृत्ती पत्करली. त्याच्या दिमतीला उत्तम डॉक्टर होते. आपल्या गावातला अठरा वर्षांचा मुलगा साऱ्या वाड्यासमोर ‘मी नाही खेळत’ कसे म्हणेल? म्हणून हा निर्णय त्याच्या तोंडून वदवून घेऊ नये. तो प्रशिक्षकाने आणि डॉक्टरांनी घ्यावा.

भातकापणी झाली की गावोगावची शेते पुन्हा मैदाने होतील आणि आंतरग्राम सामने सुरू होतील. जखमी खेळाडूला डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरवू नये, असा नियम आयोजकांनी त्यापूर्वी करावा, आणि हरत असतानाही आपल्या जखमी खेळाडूला बाकावर बसवणाऱ्या प्रशिक्षकाची दखल आपल्या बातमीदारांनी आवर्जून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, डिचोली