आधी पिना पुसा

ती. बाबांना,
सा. न.

रविवारी आई म्हणाली, "अरे, ते आपलं..." आणि तुमचा कॉर्डलेस फोन बंद पडला. पुन्हा लावला, दोन मिनिटांत पुन्हा गेला. जाण्याआधी कानाशी टुंक टुंक वाजतं म्हणे. तो बॅटरी संपत आल्याचा इशारा. हँडसेटला चापट मारून काही होणार नाही. (तुम्ही मारता. इथपर्यंत ऐकू येतं.)

रात्रभर स्टँडवर ठेवूनही असं होतं, म्हणजे एकतर सेल म्हातारे झालेत, नाहीतर चार्जिंगच होत नाहीये. आधी चार्जिंगचं बघा, त्याला खर्च नाही. हँडसेटच्या बुडाशी धातूचे दोन ठिपके आहेत, स्टँडमध्ये तशाच दोन पिना. हात लागून लागून त्यांवर काळपट थर बसतो. अडॅप्टर काढून कोरड्या फडक्याने पुसा, नाही निघाला तर खोडरबर हलक्या हाताने फिरवा. मग हँडसेट ठेवल्यावर चार्जिंगची खूण दिसलीच पाहिजे.

तरीही तेच रडगाणं असेल, तर सेल बदला. मागचं झाकण सरकवलं की दिसतील. जुन्यावर जे लिहिलंय तेच आणा, बहुतेक १.२ व्होल्टचे निकेल मेटल हायड्राइड असतील. घड्याळातले साधे सेल चुकूनही घालू नका, चार्ज करायला गेलं की ते गळतात, फुटतातही. नवे घातल्यावर पहिल्यांदा सोळा तास स्टँडवर राहू द्या. मधे उचलून बघायचं नाही!

खरखर हे वेगळं दुखणं. बेस, म्हणजे तो स्टँडच, राउटरला खेटून ठेवलाय ना? तळाच्या लेबलवर २.४ गिगाहर्ट्झ असेल, तर तो वाय-फाय आणि मायक्रोवेव्हच्याच पट्ट्यात बोलतो. तिथून दीड-दोन मीटर लांब हलवा, आणि लोखंडी कपाटाजवळ नको.

डायल टोनच नसेल तर तो जुना वायरचा फोन थेट लाइनला जोडा. त्यावरही टोन नसेल तर लाइनची तक्रार करा, असेल तर दोष आपल्या बेसमध्ये. तो जुना फोन टाकू नका हं. लाइट गेले की बेस बंद, मग कॉर्डलेस नुसता शोभेचा.

आईला विचारून ठेवा, "ते आपलं" म्हणजे काय? तीन दिवस तेच डोक्यात आहे.

तुमचा,
धाकटा