कार्कासोन शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

दादरला तुम्ही आम्हा चौघांना कार्कासोन, म्हणजे शहरं, रस्ते आणि शेतांचे तुकडे असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकोनी टाइल जुळवत, त्यांवर सोंगट्या ठेवून गुण मिळवायचा खेळ, शिकवलंत, त्याचे आभार तोंडी मानून झाले आहेत. पण तुम्ही काय आधी सांगितलंत आणि काय मुद्दाम मागे ठेवलंत, त्याचं मोल इतरांना शिकवायला बसलं की कळतं. म्हणून हे जाहीर पत्र.

पहिला डाव तुम्ही शेतांशिवाय खेळवलात. नुसती नियमपुस्तिका वाचून बसणारे इथेच फसतात. शेताचे गुण डाव संपल्यावर, त्याला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण शहरामागे 3. आणि शेतात आडवी टाकलेली सोंगटी तोवर परत मिळत नाही. नवा भिडू हौसेने तीन-चार आडव्या करतो आणि अर्ध्या डावात हात रिकामा. प्रत्येकाच्या आठ सोंगट्यांतली एक गुणपट्टीवर गेली की हातात 7च उरतात, हे तुम्ही सोंगट्या वाटतानाच बजावलंत.

क्रमही घोटून घेतलात: टाइल लावा, हवी तर त्याच टाइलवर सोंगटी ठेवा, मग गुण. गुण देऊन परत आलेली सोंगटी त्याच खेपेस पुन्हा ठेवायची नाही. बहुतेक भांडणं इथलीच. (उरलेली दोन टाइलच्या शहरावरून: जुन्या नियमांत त्याला 2 गुण, नव्यांत 4. डावाआधीच ठरवून टाकायचं, हा तुमचा तोडगा.)

पण खरी विद्या दिलीत ती दुसऱ्याच्या शहरात शिरण्याची. ज्या शहरात आधीच सोंगटी आहे तिथे थेट आपली ठेवता येत नाही. मग तिरक्या घरात आपला वेगळा तुकडा मांडायचा, त्यावर सोंगटी उभी करायची आणि दोन्ही जोडणाऱ्या टाइलची वाट पाहायची. लोकलमधली चौथी सीटच ती: आधी जरासं टेकायचं, मग हळूच सरकायचं. सोंगट्या समसमान असतील तर गुण वाटले जात नाहीत, दोघांनाही पूर्ण मिळतात. आपली एक जास्त झाली की समोरच्याला भोपळा. आठ टाइल आणि दोन ढालींचं (ढालीचं चित्र असलं की त्या टाइलचे गुण दुप्पट) शहर पुरं झालं तर 20 गुण, शेवटी अर्धवट राहिलं तर 10. एवढा फरक असल्यावर कोण ते सुखासुखी पुरं होऊ देईल?

अडवायचं तर टाइल पाठ हव्यात. मूळ संचात 72, त्यांतली एक सुरुवातीची. चारही बाजूंना शहर असलेली एकच, चौरस्ताही एकच. समोरासमोरच्या दोन बाजूंना शहर आणि उरलेल्या दोन्हींना रस्ता, अशी तर एकही नाही. तशीच टाइल लागेल अशी खाच पाडली की ते शहर कायमचं उघडं आणि त्यातली सोंगटी डाव संपेपर्यंत अडकलेली. हे तुम्ही हसत हसत करता, म्हणून जास्त लागतं!

कापडी पिशवीचाही सल्ला कामी आला. पावसाळ्यात आपल्याकडे पुठ्ठा वाकतो आणि पालथ्या ढिगात वाकलेली टाइल लगेच ओळखू येते. पिशवीतून काढली की प्रश्नच मिटला. डब्यात सिलिका जेलच्या पुड्याही टाकल्या आहेत.

आता तो मोठ्या सोंगटीचा विस्तार संच घेऊन कधी येताय? ती एक दोन साध्या सोंगट्यांच्या बरोबरीची, म्हणजे शहरात शिरण्याचं सगळं गणित तुम्हालाच पुन्हा समजावून द्यावं लागणार.

तुमचे,
दादरचे चौघे